घर नंबर ११४, पूर्वेकडून

पाणी यायच्या आदल्या उन्हाळ्यात
सोलापुरातून कोंड्याल फोटोग्राफर आला होता,
एसटीच्या टपावर तिपाई बांधून.
सरकारी काम: घर, घरापुढं घरधनी,
घरधन्याच्या हातात पाटी, पाटीवर नंबर.
पुढं मोबदल्याच्या वेळी भांडण नको.

आमचे वडील, गेनबा नगरे,
थेट नदीवरून आलेले, हात ओले.
एकशे चौदातला चार खाली ओघळलाय.
घराला लागलेलं पहिलं पाणी ते.

आमच्याकडं किनारा म्हणजे काय एक रेघ नाही.
दिवाळीला तो मल्हारी सल्लेच्या केळीत असतो,
होळीला बाभळींच्या खाली उतरतो,
आणि मे महिन्यात विचारू नका,
होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या,
मोटारींचे पाइप पाण्यामागं लांबत लांबत गेलेले.
पेपरात रोज टक्केवारी येते.
परवा होती वजा छत्तीस.
वजा पाणी कसं दिसतं ते बघायला
मी जेऊरला उतरले, भाच्याला घेऊन.

शंभूच्या मोबाईलवर आभाळातून काढलेले फोटो आहेत.
बोट सरकवलं की साल सरकतं,
निळं फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं,
लोहाराच्या भात्यासारखं.
म्हटलं, यात आपलं घर दाखव.
तो बराच वेळ बघत बसला.
म्हणाला, आत्या, यातल्या एका ठिपक्यात शंभर फूट मावतात.
म्हणजे आख्खं घर, गोठा, समोरचा पार,
आणि वडलांचं ते फोटोपुरतं ताठ झालेलं मानेचं हाड,
सगळं मिळून एक ठिपका,
तोही शेजाऱ्यांबरोबर सामाईक.

गाळातून चाललो. भेगांत शिंपले, तुटकी जाळी,
एक प्लास्टिकची चप्पल, कुणाची ते कळण्यापलीकडची.
लांब उथळ पाण्यात रोहित उभे होते,
सरकारी पाहुण्यांसारखे, एका पायावर.
दीपमाळ सापडली, मग जोतं,
मग उंबऱ्याचा दगड, मधे झिजलेला.
मी त्यावर पाय दिला नाही. का ते सांगता येणार नाही.

फोटो पिशवीतून काढला. जुळवायला लागले.
दीपमाळ उजवीकडं हवी, उंबरा मधोमध,
मागची टेकडी पाटीच्या वर दोन बोटं.
मागं सरले. अजून मागं.
फोटोच्या तळाशी एक सावली आहे,
इतकी वर्षं मी ती अंगणातला डाग समजत होते.
टोपी, कोपर, तिपाईचे तीन पाय.
सकाळच्या उन्हात, नदीकडं पाठ करून,
तो नेमका कुठं उभा होता ते त्यानंच लिहून ठेवलंय.

मागं सरता सरता पाणी लागलं.
घोटा. गुडघा.
दीपमाळ अजून डावीकडंच राहत होती.
कमरेइतक्या पाण्यात गेले तेव्हा
टेकडी बरोबर दोन बोटं वर आली.
आता सावली माझी पडली, पण अंगणापर्यंत पोचेना,
पाण्यावरच हलत राहिली.

शंभू जोत्यावर उभा.
ओरडून विचारतो, हातात काय धरू?
काही नको म्हटलं, तरी त्यानं
छातीपाशी हात धरले, रिकामी चौकट करून.
मी मोबाईल डोक्याच्या वर धरला,
फोटो तिरका आला. दुसरा काढला, तोही तिरका.
पायाखालचा गाळ सरकत होता, काय करणार.

परतताना मल्हारी भेटला, चिलापीची टोपली उतरवत.
दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून त्यानं पाहिले,
जुना उन्हाकडं करून, नवा हाताच्या आडोशाला.
मग हसला.
श्रावणात दरवर्षी माझं जाळं इथंच अडकतं, म्हणाला,
दोनदा फाटलं. खडक समजत होतो.
ही तुमची भिंत होय.
मला पाठवून ठेवा हा फोटो.