ओळख पटली तर लिहा

खुर्च्या मी मांडल्या. चाळीस.
त्यातल्या अकरा चर्चकडून उसन्या,
पाठीवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेल्या,
परत करताना वाद नको म्हणून.
प्रत्येक खुर्चीवर एक कार्ड, एक आखूड पेन्सिल:
ओळख पटली तर लिहा.
ही कल्पना व्हर्ली लेविटची. ती आमची अध्यक्ष,
आणि टिबेट्स कोव्हच्या इतिहास मंडळात
तिला नाही म्हणू शकणारे
सगळे आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत.

बाहेर धुकं, दीपगृहाचा भोंगा मिनिटामिनिटाला.
आत चाउडरचं पातेलं, ओल्या लोकरीचा वास,
आणि माईक चालू आहे का, माईक चालू आहे का.

फिल्म एकोणीसशे अडतीसची. मुकी.
कोणी एक फिरता कॅमेरावाला गावात आला,
सार्डीनच्या कारखान्याच्या फाटकाशी तिपाई लावून उभा राहिला
आणि शनिवारी त्यानं गावालाच गाव दाखवलं,
माणशी दहा सेंट.
तो गेला. डबा राहिला
मेरिल बीलच्या पोटमाळ्यावर, वाळलेल्या रंगाच्या डब्यांमागे.
आता ती फिल्म म्हणजे
मेरिलच्या नातवाच्या किल्ल्यांना लटकलेला एक पेनड्राइव्ह.

दिवे मालवले.
फाटक उघडतं आणि बाया बाहेर पडतात.
रबरी ॲप्रन, डोक्याला रुमाल,
बोटाबोटाला चिंध्यांच्या पट्ट्या,
दिवसभर कात्रीनं माशांची मुंडकी उडवणारी ती बोटं.
कोणी तोंड फिरवते, कोणी मैत्रिणीला पुढे ढकलते,
आणि हॉलमधून आवाज: अगं ती थर्झा!
नाही, थर्झाची बहीण. थर्झा एवढी कधी हसली नाही.
पेन्सिली कुरकुरतात अंधारात.

मग ती येते.
थांबते थेट कॅमेऱ्यासमोर,
उजवा हात वर करते, पंजा पसरते.
चार बोटं.
जणू सांगते, घे, हेही घे तुझ्या डब्यात.

'आई,' ऑर्लंड म्हणाला.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण शब्द निघाला तो
शाळेच्या फाटकातून निघावा तसा.
'आमची आई ती,' मागून डेल्फीन थिबोडो.
'झाकणं बसवायच्या मशीननं बोट नेलं तिचं,
करंगळीशेजारचं.'
'माझ्याही आईचं. तेच बोट. तीच मशीन.'

या दोघांत बोलणं नव्हतं.
बोटीच्या धक्क्यावरून बंद झालं होतं, की कुत्र्यावरून,
त्यांनाही नीट आठवत नसावं.
आता बोलले, ते हे.

व्हर्लीनं पुन्हा दाखवायला सांगितलं.
मेरिलच्या नातवानं बोटानं चित्र मागे ओढलं
तशा सगळ्या बाया उलट्या पावली
फाटकात परत गेल्या,
हसू मिटत मिटत, एकेक करून, कामावर.
कोणीतरी म्हणालं, थांबव रे.
तो थांबला नाही, पुढे सोडलं त्यानं,
आणि ती पुन्हा आली, पुन्हा पंजा, पुन्हा चार.

'आमच्या आत्याचंही,' खिडकीपाशी कोणी हळूच म्हणालं.
आणि दारापाशी अजून एक.

इतका वेळ ज्याला आम्ही खूण समजत होतो
ती खूणच नव्हती.
व्हर्लीच्या हातात माईक होता. ती काही बोलली नाही.
हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग चाउडर. मग केक.
छप्पर दुरुस्तीचे एकशे बारा डॉलर जमले.
कार्डं गोळा केली मी: थर्झा, थर्झा, थर्झाची बहीण,
पेन्सिलीचं टोक मोडलं, सॉरी,
आणि तिच्या नावाची पाच,
पाच वेगवेगळ्या अक्षरांत पाच वेगवेगळ्या बायका.
पाचही फाईलला लावली. एक टाकून कुठली देणार?

खुर्च्या मोजल्या. एकोणचाळीस.
परत मोजल्या.
चर्चची सात नंबरची नव्हती.

ती सापडली बाहेर, धुक्यात.
ऑर्लंड बसला होता तिच्यावर
कारखान्याकडे तोंड करून.
तिथं आता गाड्या लावतात.
शेजारी डेल्फीन उभी, टेकायला काही नाही,
त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

मी आत गेलो.
दिवा चालू ठेवला, आणि दाराला
पातेल्याचं झाकण अडकवलं, लागू नये म्हणून.