मापात वारा

शनिवारी उजाडायच्या आत
आविया नदीवरून धुकं चढतं रिबादावियाच्या चौकात
आणि मागोमाग एरुंदिनाची निळी गाडी,
जिचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं.
माझा ठेला तिच्या डावीकडे. मी मक्याचा पाव विकते.
सोळा वर्षं आम्हा दोघींत एकच छत्री आहे
आणि सुट्ट्या पैशांचा एकच डबा.

आधी ती तराजू मांडते. एक पाय डगमगतो,
त्याखाली पुठ्ठ्याची घडी. काटा शून्यावर आला
की स्वतःशीच म्हणते, "हं."
मग कांद्याची पात, मुळांसकट, मातीसकट;
वाटाणा, ज्याची एक शेंग ती न विचारताच फोडते
आणि दाणे गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवते;
अंडी, कोंबडीनं जशी दिली तशी, मळकी.
आणि सॅलडचे गड्डे, भोकाभोकांचे.
शहरातून आलेला कुणी विचारतो, "ही भोकं कसली?"
"गोगलगायीची. तिनं आधी चाखून पाहिलंय."

त्या शनिवारी मात्र एक क्रेट रिकामा होता.
रिकामाच आणला तिनं, रिकामाच मांडला,
पुढे, मधोमध, जिथे सगळ्यात देखणा माल ठेवायचा.
आणि पाटीवर खडूनं, तिच्या त्या उतरत्या अक्षरात:

भिंतीकडच्या तीन ओळी.
मंगळवारी शेजारच्या द्राक्षवेलींवर फवारा मारला,
वारा फिरला.
या विकायला नाहीत.

कुणी विचारलं नव्हतं.
तपासनीस वर्षातून एकदा येतो, तोही मार्चात, बूट जपत.
पानांवर डाग नव्हता, वास नव्हता.
गुरुवारी मी स्वतः पाहिली होती ती,
दवानं जड झालेली, अगदी निरागस.
म्हटलं, "अगं, धुऊन विकली असतीस."
ती म्हणाली, "वारा कसा धुऊ?"

मापात पाप नको, असं आम्ही सगळेच म्हणतो
आणि सगळ्यांचाच अंगठा कधी ना कधी
पारड्याला चुकून लागतो.
माझाही लागलाय. पीठ महागलं होतं त्या हिवाळ्यात.

भरल्या क्रेटांपेक्षा रिकाम्याभोवतीच गर्दी.
एकीनं घेतलेला गड्डा परत ठेवला:
"तीन ओळींना लागला, तर चौथीला कशावरून नाही?"
एरुंदिना म्हणाली, "चौथी मी हुंगली. पण तुझं बरोबर आहे."
आणि तिचे पैसे तिला दिले.
दुपारपर्यंत नऊ गड्डे तसेच पडून.

मग साबेला आली, डझनभर अंड्यांसाठी, नेहमीसारखी.
पाटीवर अमारोचं नाव नव्हतं,
पण आमच्या गावात 'शेजारचा' म्हटलं
की नाव, आडनाव, जोडीला बायकोही आली.
तिनं ओठ हलवत पाटी वाचली.
तेवढा वेळ कुणीच काही तोललं नाही.

"तीन ओळींचे किती झाले असते?"
"सत्तावीस."
"आणि अंड्यांचे?"
"तीन."
तिनं तीस युरो ठेवले.
एरुंदिनानं आमच्या डब्यातून सत्तावीस परत केले,
नाण्यानाण्यानं, मोठ्यानं मोजत, माझी सगळी सुटी नाणी संपवून.
"पैसे नकोत. फवारायच्या आधी हाक मारा.
चादरी आहेत माझ्याकडे."

वारा येईल तशी पाठ द्यावी,
हे अंगी मुरलेलं गाव आहे आमचं. मी फार आशा धरली नाही.

मंगळवारी संध्याकाळी दळण घेऊन परतताना दिसलं:
भिंतीलगत तीन ओळी चादरींखाली झोपलेल्या,
दोन पांढऱ्या, एरुंदिनाच्या, ठिगळांच्या.
तिसरी फुलाफुलांची, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली.
आणि भिंतीपलीकडे अमारो,
पाठीवर पंप, नळी खाली सोडलेली,
ओला अंगठा हवेत धरून
उभा. बराच वेळ.