जिन्याखालची टाकी

रसायनवाले म्हणायचे, द्रावण आमचं.
भौतिकवाले म्हणायचे, मोजमाप आमचं.
शेवटी टाकी ठेवली दोघांच्या मधल्या जिन्याखाली,
झाडू ठेवायचे तिथं,
कारण गणेशखिंडीतून जाणाऱ्या ट्रकांचा हादरा
तिथं सर्वांत कमी पोचतो,
हे खरवंडीकर बाईंनी
पाण्याने भरलेली बशी हातात घेऊन
अख्खी इमारत फिरून ठरवलं होतं.

टाकी म्हणजे कुणाच्या तरी घरची माशांची काचपेटी,
जुन्या बाजारातून घासाघीस करून साठ रुपयांना.
ढवळणीला बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर.
आणि बीज, साबुदाण्याएवढं.
टांगायला दोरा नको, दोऱ्याचे तंतू सुटतात.
रेणुका ढमढेरेनं वेणीतून एक केस उपटला,
"आई गं" म्हणाली,
आणि गाठ मारली.

बेचाळीस अंश. रोज त्यातून जरासं उणं,
इतकं जरासं, की तापातून उठणाऱ्या माणसाच्या
उशाशी बसलेल्यालाही कळू नये.
असे साठ दिवस.

गुरुवारी वीज जायची.
तांबोळी सायकलच्या हँडलला दोन किटल्या अडकवून
कँटीनमधून कढत पाणी आणायचा,
शेट्टी दर वेळी विचारायचा, "पत्ती नको?"
कोंडिबा शेलार टाकीवर ओणवे:
"थांब. एक वाटी. बास."
सातवी नापास कोंडिबांना
दशांशानंतरचा पहिला आकडा मनगटावर कळतो,
असं आम्ही म्हणायचो.
बाई म्हणायच्या, काहीतरीच काय;
पण पडताळून कधी पाहिलं नाही त्यांनी.

चौथ्या गुरुवारी रात्रपाळी माझी.
वीज आलीच नव्हती.
मी पायरीवर बसलो, भिंतीला डोकं टेकलं.
एवढंच आठवतं.
पावणेचारला पारा पाऊण अंश खाली,
आणि काचेसारख्या अंगावर
घाईत वाढलेला एक पापुद्रा,
ताकाच्या निवळीसारखा.

बाईंनी टॉर्च धरला. बराच वेळ धरला.
"किती वाजता झोपलास?"
"माहीत नाही."
"मग तसं लिही वहीत. माहीत नाही."
ते वाक्य वहीत आहे, माझ्या अक्षरात, तारखेसकट.
पुढं भोसरीला रंगाच्या कारखान्यात
तीस वर्षं रिपोर्टांवर सह्या केल्या,
तितकं खरं पुन्हा काही लिहिलं नाही.

अकरा वर्षं. एकोणीस स्फटिक. सहा प्रबंध.
निघालं काय?
एकोणपन्नास अंशांच्या आसपास
जो आपला कल सोडून देतो,
तो, तांब्याचा अंश मिसळला तर,
किती आधी सोडतो
याचा एक आकडा.
दशांशानंतर तीन घरं.
एका जाडजूड संदर्भग्रंथात, बारीक टायपात,
एका ओळीत तो छापून आला,
तेव्हा बाईंनी घरून खरवस आणला होता,
बीकर धुऊन त्यातच खाल्ला आम्ही.
(धुतले होते. दोनदा.)

नऊ वर्षांनी कुठल्याशा लांबच्या प्रयोगशाळेनं
तो खोडला. आमचं तिसरं घर चुकलं होतं.
मी बाईंकडं गेलो, दिवसाला जाताना करतात
तसा चेहरा करून.
बाई खुशीत.
"अरे, खोडायला आधी वाचावं लागतं!"
आणि आपल्या प्रतीत, आमच्या आकड्याशेजारी,
त्यांनी नवा आकडा पेनानं लिहून ठेवला होता,
चार घरांचा.

परवा रेणुकाबरोबर तिथं गेलो.
जिन्याखाली झाडू परत आलेत.
वरच्या कपाटात, कापसात,
माझ्या झोपेचा स्फटिक,
चिठ्ठीवर कोंडिबांचं अक्षर: गूरवार.
रेणुकानं चष्मा कपाळावर सारला,
खिडकीशी नेऊन उजेडात धरला,
पापुद्र्याच्या आत, बीजाच्या गाठीशी
डोळा नेला.

"मेला," ती म्हणाली,
"अजून काळाच आहे."