उंदीर

कानशिलापासून सुरू व्हायचं.
डावीकडून, पहाटे, डोळे उघडायच्या आधी,
जणू रात्रभर कुणी तिथे
पाट्याला टाकी लावत बसलं होतं.

एकवीस वर्षं.
चष्म्याचा नंबर तीनदा बदलला.
सायनसचा फोटो काढला, तो अजून
गॅसच्या पुस्तकाखाली फडताळात आहे.
माधवगंजचे वैद्य म्हणाले, पित्त.
एजी ऑफिसातल्या तोमरबाई म्हणाल्या, नजर.
मी काहीच म्हटलं नाही,
दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुकांवर
लाल पेन्सिलीनं खुणा करत राहिले.

आणि प्रमिलाताईला रात्री उंदीर ऐकू यायचा.
"कपाटामागे आहे. कुरतडतोय. तुला नाही येत ऐकू?"
मला कसं येणार, मी झोपलेली.
ती पिंजरा लावायची, पोळीचा तुकडा, कधी भजं.
सकाळी भजं तसंच,
आणि माझं डोकं उशीवर धोंड्यासारखं.
"फार हुशार आहे मेला," ती म्हणायची.

या जानेवारीत गजक खाताना
मागच्या दाढेचा टवका उडाला.
नया बाजारात, जिन्यावर, डॉक्टर भदौरिया.
बाहेर ग्वाल्हेरचं धुकं इतकं
की खालची रिक्षा फक्त हॉर्ननं कळायची.
त्यानं छोट्या आरशात दाढा पाहिल्या,
सगळ्या सपाट, उंबऱ्यासारख्या झिजलेल्या.
मग कानापुढे बोट दाबलं
आणि मी खुर्चीतून ओरडले, तिथेच! अगदी तिथेच!
एकवीस वर्षांत तिथे
कुणी बोट ठेवलं नव्हतं.
"सुबह सिरदर्द रहता है?
रात को दाँत पीसती हैं आप.
शायद उसी से. देखते हैं."

पीसती हैं.
मी मनात मराठी केलं: दात खाते.
हिंदीत दात दळतात, आपल्यात खातात.
दळणाऱ्याच्या हाती निदान पीठ तरी येतं.

कुणावर खाते, ते त्यानं विचारलं नाही.
परतताना मीच हिशेब मांडू लागले:
अडवलेली बढती,
आईच्या आजारपणात तारेनं पैसे पाठवून
मोकळा झालेला भाऊ,
उज्जैनचं ते स्थळ, ज्याला ताईनं
मला न विचारता नकार कळवला होता,
निळ्या आंतर्देशीय पत्रावर, सुवाच्य अक्षरात.
तिथे थांबले. थंडी फार होती.

आता पारदर्शक पट्टी घालून झोपते.
सकाळी धुऊन डबीत ठेवते, ताई उठायच्या आत.
आठवड्यातले चार दिवस डोकं हलकं असतं,
तीन दिवस नसतं.
भदौरिया म्हणतो, वेळ लागेल.

काल रात्री दिवा मालवल्यावर ताई म्हणाली,
"उंदीर गेला बहुतेक. आवाजच नाही.
इतक्या वर्षांची सवय, मलाच मेली झोप येत नाही."
मग अंधारात उठून तिनं
पिंजऱ्याचं दार खाली पाडलं. खट्.

मला सांगायचं होतं.
पण पट्टी तोंडात असली
की बोलता येत नाही नीट.