प्रश्न चौथा

बडगुजर शेठना कळण्याचं पीठ पाकिटात भरायचंय,
अर्ध्या किलोचं, वर हिरवी पट्टी.
त्याआधी जाणून घ्यायचंय, अमळनेर काय खातं.
"मला माहितीये तसं," म्हणाले,
"पण बँकेला कागद लागतो."

म्हणून मी चार रात्री प्रश्न लिहिले,
लिहिले त्याहून जास्त खोडले.
'आमचं पौष्टिक पीठ तुम्हाला आवडेल ना?'
हा प्रश्न नव्हे, हा पाहुण्याच्या ताटात
न विचारता टाकलेला तिसरा लाडू.
काढला.
'भाकरी आणि ठेचा आवडतो का?'
होय आलं तर ते कुणाचं धरायचं?
तोडला.
उत्पन्नाचा अगदी शेवटी नेला,
पगार विचारल्यावर
कुणी चहा टाकत नाही.

घरं मोजून घ्यायची. पाचवं, दहावं, पंधरावं.
पैलाडला पाचव्या घराला कुलूप,
सहाव्याच्या ओट्यावरून हाक येते, या ना बसा,
तरी पुढे जायचं.
नियम पाळणं कधी कधी नुसता उद्धटपणा असतो.

चाचणीला वीस घरं.
तन्मय देवस्थळी, पुण्याचा मुलगा,
अक्षर मोत्याचं, खूण ठळक.
प्रश्न चौथा : कळण्याची भाकरी कधी खाता?
रोज. आठवड्यातून. खास प्रसंगी. कधीच नाही.
विसात चौदा खुणा
खास प्रसंगी.

मी तक्ता काढला, शेठना फोन लावला.
सणाचं पाकीट करू, म्हटलं, सोनेरी पट्टी.
लग्नाच्या पंगतीत जिलबीशेजारी
कळण्याची भाकरी मला दिसायलाही लागली.

मग एका दुपारी तन्मयच्या मागे जाऊन उभी राहिले.
कोकिळाबाई शिंपी साडीला फॉल लावत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"मी ते खास ना, भाऊ.
दोन्ही टाइम खास.
मन्हा घरमा समदा खातस."
आणि तन्मयचा पेन शांतपणे
खास प्रसंगीच्या चौकटीत उतरला.

जास, येस, करस, खास.
याच क्रियापदांवर मी वाढले.
तिसरीत निबंधात लिहिलं होतं, 'मी शाळेत जास'.
बाईंनी लाल रेघ मारली,
ती इतकी नीट बसली
की फॉर्म लिहिताना कानाने काही सांगितलंच नाही.

रात्री 'खास' खोडून 'सणावारी' केलं.
खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्या :
बोलतील तसंच लिहा.
"ओळी वाढल्या की छपाई वाढते," शेठ म्हणाले.
सोनेरी पट्टी तोवर छापून आली होती,
पाच हजार.

आम्ही पुन्हा कोकिळाबाईंकडे गेलो.
तन्मयने पहिल्या रिकाम्या ओळीवर
एकेक अक्षर विचारून विचारून उतरवलं :
"दयन ते मी घरघंटीवरच दयस.
मंग तुम्हना शेठ इकी कोन्ले?"

बँकेच्या कागदात
या प्रश्नाला चौकट नाही.