अकरावा नियम

माझं अक्षर बरं, म्हणून अण्णांनी मला खाली बोलावलं.
सागरमाळ. तळमजल्यावर मगदूम,
वर आम्ही सहाजण, तीन खोल्या, एक नळ.
जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ, लाल स्केचपेन.
"ठळक लिही. जिन्यावरनं वाचता आलं पायजे."

एक. दारू आणायची नाही. बाहेरून पिऊन यायचं नाही.
दोन. सिगारेट, गांजा, पुडी, गोळी...
अण्णा थांबले. "आणि नवीन काय निघालंय रं?"
मी सांगितलं नाही. 'वगैरे' लिहिलं.
तीन. केक तोंडाला फासायचा नाही, भिंतीला तर नाहीच.
(हा कुणा इचलकरंजीच्या पोराचा नियम. पोरगं गेलं,
क्रीमचा डाग चुन्याखाली अजून आहे.)
सात. मित्र साडेनऊपर्यंत. मैत्रीण...
अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. "ते ऱ्हाऊ दे."

दहा. अकराला गेट बंद. त्यानंतर मला उठवायचं नाही.
उठवलं तर सकाळी खोली रिकामी, डिपॉझिट जप्त.
"जप्तच्या खाली रेघ मार."
मी दोन मारल्या.

दिग्याचा एम-थ्री सुटला त्या रात्री
टाकीच्या मागं आम्ही बसलो, पांढऱ्या रश्श्याचा डबा मधे.
दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं, बिअरला एकवीस, बाकीला पंचवीस.
दिग्या वीसचा.
दुकानदारानं वय विचारलं नाही, सुट्टे विचारले.
गोळ्यांची पट्टी कुणी आणली
हे आम्ही आजपर्यंत एकमेकांना विचारलेलं नाही.

बारा चाळीसला तो हाकेला ओ देईना.
कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं लिंबू,
कुणी म्हणालं झोपू दे, भावा, उतरंल.
त्याला कुशीवर वळवा, असं कुणी म्हणालं नाही.
आम्हाला ठाऊकच नव्हतं.
श्वासाला खरखर, ओठांवर पाटीवरच्या पेन्सिलीचा रंग.
मी तीनदा जिना उतरलो.
तीनदा अण्णांच्या दारापर्यंत गेलो, हात उचलला.
झिरोच्या बल्बात माझंच अक्षर,
ठळक, लांबून वाचता येणारं.
तीनदा परत वर.

दोन दहाला नळाला पाणी येतं.
अण्णा कळशी घेऊन बाहेर आले
आणि पायरीवर बसलेले आम्ही पाच त्यांना दिसलो.
"सहावा कुठं हाय?"

मग शेजारच्या दुधाचा टेम्पो, कॅनच्या मधे दिग्या,
बनियनवर, अनवाणी अण्णा, मांडीवर त्याचं डोकं,
सीपीआरपर्यंत पिवळे लुकलुकणारे सिग्नल
आणि अण्णांचं एकच, ए बाळा, ए बाळा,
त्यांना त्याचं नावही नीट माहीत नव्हतं. पोलिसांच्या फॉर्मवर
तेवढं मीच भरलेलं, दिगंबर पोवार, मु. पो. आजरा.

वाचला. आई येऊन घेऊन गेली.
फोन करतो कधीकधी, एखादा शब्द शोधत थांबतो,
आम्ही पण थांबतो.

त्या सकाळी सीपीआरच्या बाकड्यावर अण्णा म्हणाले,
"मला का उठवलं न्हाईसा?"
कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळानं भैरू म्हणाला,
"दहा नंबर, अण्णा."
त्यांना आधी कळलं नाही.
मग कळलं. चष्मा काढून ते तो धोतराला पुसत राहिले,
काच कधीच स्वच्छ झालेली होती तरी.

घरी आल्यावर मला वाटलं कागद फाडतील.
"लिही," म्हणाले. "अकरा."
खूप वेळ काहीच नाही. बाहेर कुणीतरी मोटर चालू केली, बंद केली.
"कुणाला रातचं काय झालं तर पहिलं मला उठवा.
पिलेला असंल तरी. काय खाल्लं, किती खाल्लं, खरं सांगा.
बाकीचे नियम सकाळी."

दहावा खोडू का, मी विचारलं.
"न्हाई. ऱ्हाऊ दे. दिसू दे."

आता गच्चीवर टाकीशेजारी बेलचं बटण आहे,
वायर जिन्यातून थेट त्यांच्या उशापाशी.
नवीन पोरं मस्तीत दाबतात, पळून जातात.
अण्णा प्रत्येक वेळी उठतात,
शिव्या देत वर येतात
आणि डोकी मोजतात.