अर्धी वीत वायर

नवतपाचा चौथा दिवस. गोळीबार चौकात डांबर
चपलेला धरतं, सोडतं, पुन्हा धरतं.
पुढचं डावं चाक काढलेली माझी जुनी सिएना
जॅकवर, लंगडी,
आणि नत्थूजी पौनीकर कानाला ओला दुपट्टा बांधून
डॅशबोर्डाखाली उताणे.

मीटरमधला तो दिवा होळीपासून जळतोय.
एक गोल, दोन्ही बाजूंना तुटक कंस,
कुणी कानांवर हात ठेवून बसावं तसा.

वर्धा रोडवाल्यानं ब्रेकपॅड बदलले, बावीसशे.
दिवा तसाच.
त्यानं कंपनी बदलून पुन्हा पॅड बदलले.
दिवा तसाच.
सदरचा एक म्हणाला, बल्बच काढून टाकू मॅडम, बात खतम.
घरी यांनी काळ्या टेपचा तुकडा लावून दिला वर,
तो एप्रिलच्या उन्हात आपणच गळून पडला.

नत्थूजींना यातलं काही ऐकायचं नाही.
"तौसीफ, पॅडची वायर काढ रे सॉकेटातून."
काढली.
"आता पाहा बरं मॅडम, जळून राहिला का?"
जळून राहिला.
"मंग पॅडले काहून बदनाम करता?"

मला, बारावीला केमिस्ट्री शिकवणारीला,
ते स्पॅनरनं जमिनीवर रेघ ओढून समजावतात:
पॅड झिजला की वायरचं टोक चकतीला लागते,
अर्थ भेटते, दिवा लागते. एवढंच.
हिले रस्त्यातच कुठं बॉडी भेटून राहिली.
रस्ता अर्धा करायचा. मग अर्ध्याचा अर्धा.

बोनेटच्या बाजूनं तोडलं: मीटर पीं वाजला नाही.
आतल्या बाजूनं: पीं.

मग त्यांनी मीटर ठेवून दिला
आणि डोळे मिटून बोटं फिरवू लागले
टेप गुंडाळलेल्या त्या जाड वेणीवरून.
बाप मागावर बसत, ते म्हणाले, याच गल्लीत.
नऊवारीच्या ताण्यात तीन हजारावर धागे.
एक तुटला तर आधी बोटाले समजे.
"आन् हिलेबी लूमच म्हणतात."
हसले असतील. आतून नुसता आवाज आला.

डाव्या पायाशी, गालिच्याखाली सापडलं.
म्युझिक सिस्टिमवाल्याचा एक स्क्रू,
वायरला खेटून, अकरा वर्षं.
उमरेडच्या कॉलेजातून एकटी परतताना
झोप लागू नये म्हणून मीच बसवून घेतली होती ती.
प्रत्येक खड्ड्यागणिक थोडं थोडं
घासत गेलं वरचं प्लास्टिक,
होळीच्या सुमारास तांबं लागलं असणार पत्र्याला.
म्हणजे झिजलं होतं काहीतरी.
दिव्यानं पत्ता तेवढा चुकीचा सांगितला.

नवी वायर, सोल्डरचा वास, कूलरच्या वाळ्याचा वास.
दिवा विझला.
मी पर्स उघडली.
"थांबा ना बाप्पा."
नत्थूजींनी चाकापाशी जाऊन
सॉकेटाचं टोक हबला टेकवलं: लागला.
काढलं: विझला.
पुन्हा.
पुन्हा.
"विझला म्हंजे सुधारला असं नाही मॅडम.
मेलेलाबी विझलेलाच दिसते."

तीनशे रुपये.
कापलेला तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला,
अर्धी वीत, मधोमध हिरवट डाग,
मूग येईल एवढा.

दिघोरीच्या सिग्नलला मी गरज नसता ब्रेक दाबला,
मग मीटरकडे पाहिलं.
काही नाही.
काचेवर टेपच्या डिंकाचा चौकोन आहे अजून, धूळ धरून.
पेट्रोलच्या बोळ्यानं जाते म्हणाले नत्थूजी.
उद्या पुसेन.